रसदेचा सेनापति : मॉन्टगोमेरी मेग्ज

युद्धाचा इतिहास म्हटला म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें. कोणाची फळी कोणीं फोडली, कोणत्या टेकडीवर कोणाचें निशाण लागलें, कोणता सेनापति घोड्यावरून पडला, हीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों व मुलांकडून पाठ करून घेतों. परंतु ज्या दिवशीं ती फळी फुटली त्या दिवशीं सकाळीं शिपायांच्या पोटांत काय होतें, त्यांच्या पायांत जोडे होते कीं नव्हते, तोफा ओढणाऱ्या घोड्यांना आदल्या रात्रीं दाणा मिळाला होता कीं नाहीं, हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. वास्तविक महाराष्ट्रीय वाचकाला तरी हा प्रश्न आधीं सुचावयास पाहिजे. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर जें एका दिवसांत झालें, त्याची तयारी रसद तुटली त्या आधींच्या आठवड्यांतच होऊन चुकली होती.

या दृष्टीनें पाहतां अमेरिकेच्या यादवी युद्धाइतकें बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं. १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललेल्या त्या युद्धांतील लिंकन, ग्रँट, शेर्मन, ली हीं नांवें आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत परिचयाचीं आहेत. परंतु ज्या मनुष्यानें उत्तरेच्या सैन्याला चार वर्षें कपडे, तंबू, घोडे, गाड्या, वैरण आणि आगबोटी पुरविल्या, व ज्याच्या खात्यामार्फत सुमारें १५० कोटि डॉलर खर्च झाले, त्या मॉन्टगोमेरी मेग्जचें नांव फारच थोड्यांस ठाऊक असेल. लिंकनचा परराष्ट्रमंत्री सीवर्ड यानें युद्धानंतर असा अभिप्राय दिला कीं, हा मनुष्य नसता तर राष्ट्राची बाजू बुडाली तरी असती किंवा मोठ्या संकटांत तरी सांपडली असती. हा अभिप्राय कितपत खरा आहे, आणि खरा असल्यास इतिहासानें या गृहस्थाला मागच्या ओळींत कां बसविलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

मेग्जचा जन्म ३ मे १८१६ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा या गांवीं झाला. म्हणजे जन्मभूमि पाहतां तो दक्षिणेचाच. परंतु कुटुंब लवकरच फिलाडेल्फिया येथें येऊन राहिलें, व त्याचे सर्व संस्कार उत्तरेचे झाले. बाप नामांकित वैद्य होता. मुलगा १८३६ सालीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांतून पांचव्या क्रमांकानें उत्तीर्ण झाला आणि लवकरच इंजिनियरांच्या पथकांत रुजू झाला. दुसऱ्याच वर्षीं त्याला सेंट लुईस येथें पाठविण्यांत आलें. मिसिसिपी नदीचा प्रवाह त्या बंदरापासून दूर सरकत चालला होता व धक्का गाळानें भरत होता. त्याची पाहणी करावयाची होती. या कामावरील वरिष्ठ अधिकारी म्हणजे रॉबर्ट ई. ली. दोघे एका होडींतून नदीचे नकाशे काढीत हिंडले. याच लीच्या घराभोंवतीं २७ वर्षांनीं मेग्ज प्रेतें पुरविणार होता, हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल.

पुढचीं १५ वर्षें किल्ले बांधण्यांत गेलीं. १८५२ सालीं मात्र त्याच्या हातीं असें एक काम आलें कीं ज्यामुळें त्याची योग्यता सरकारच्या नजरेस आली. वॉशिंग्टन शहराला पोटोमॅक नदीच्या मोठ्या धबधब्यापासून पाणी आणावयाचें होतें. मेग्जनें पाहणी केली, नकाशे काढले, खर्चाचा अंदाज दिला, आणि १८५३ सालीं काम सुरू केलें. या पाटाच्या वाटेवर केबिन जॉन नांवाच्या ओढ्यावर त्यानें २२० फूट लांबीची एकच दगडी कमान टाकली. १९०३ पर्यंत जगांत याहून लांब दगडी कमान नव्हती, आणि आजही ती उभी आहे. याच सुमारास वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या प्रतिनिधिमंदिराचा विस्तार करण्याचें कामही त्याच्याकडे सोंपविण्यांत आलें. त्याची निवड करणारा युद्धमंत्री होता जेफर्सन डेव्हिस. पुढें दक्षिणेच्या फुटीर राज्यसंघाचा अध्यक्ष झाला तोच हा. त्या पुलावर कोरलेलें डेव्हिसचें नांव १८६२ सालीं छिनीनें काढून टाकण्यांत आलें व १९०८ सालीं पुन्हां कोरण्यांत आलें. दगडावरील अक्षरेंही त्या भाऊबंदकींतून सुटलीं नाहींत.

येथें मेग्जच्या स्वभावाचे दोन विशेष सांगितले पाहिजेत. पहिला म्हणजे त्याला आपल्या नांवाचा अतिशय सोस होता. पाण्याच्या कामांतील लोखंडी सामानावर व दगडांवर त्यानें आपलें नांव ठिकठिकाणीं घालून ठेविलें. दुसरा विशेष याच्या अगदीं उलट वाटणारा, म्हणजे सरकारी पैशाच्या बाबतींत त्याची कसोशी. लाखों डॉलर त्याच्या हातून गेले, पण त्यांतील एक डॉलरही वांकड्या वाटेनें गेला असें त्याच्या शत्रूंनाही सिद्ध करतां आलें नाहीं. आम्हांस तर असें वाटतें कीं हे दोन्ही गुण एकाच मुळाचे आहेत. ज्या कामावर आपलें नांव घालावयाचें तें काम भेसळीचें असतां कामा नये, ही त्याची वृत्ति होती.

या वृत्तीची किंमत त्याला लवकरच द्यावी लागली. १८५७ सालीं जॉन फ्लॉइड हा व्हर्जिनियाचा राजकारणी युद्धमंत्री झाला. बांधकामाचे मक्ते आपल्या पक्षाच्या लोकांस मिळावे अशी त्याची इच्छा. ज्याचा माल चांगला व भाव कमी त्यालाच मक्ता, हा मेग्जचा हट्ट. कॅप्टनच्या हुद्द्याचा एक इंजिनियर व खुद्द मंत्री यांचें भांडण तीन वर्षें चाललें. मेग्ज अर्जांवर अर्ज करी, काँग्रेसमधील सभासदांस गांठी, आपली बाजू कागदोपत्रीं भक्कम ठेवी. अखेर १८६० च्या शरदृतूंत फ्लॉइडनें त्याची बदली फ्लॉरिडाच्या टोकापलीकडील ड्राय टॉर्टुगाज नांवाच्या निर्जन बेटांवरील किल्ल्यांत केली. पण त्याच डिसेंबरांत फ्लॉइडला राजीनामा देऊन जावें लागलें, व तो बंडवाल्यांस जाऊन मिळाला. मेग्ज १८६१ च्या फेब्रुवारींत वॉशिंग्टनला परत आला तेव्हां हद्दपारीनें त्याची पत वाढलेली होती. ज्या माणसाला फ्लॉइडनें काळ्या पाण्यावर धाडलें तो माणूस विश्वासाचा असला पाहिजे, असा सरळ हिशेब नव्या सरकारनें केला.

लिंकननें अध्यक्षपद घेतल्यावर थोड्याच दिवसांत फ्लॉरिडांतील पिकेन्स किल्ला वांचविण्याच्या गुप्त मोहिमेची आंखणी मेग्जकडे आली, व ती यशस्वी झाली. तिकडे लष्कराचा क्वार्टरमास्टर जनरल जोसेफ जॉन्स्टन यानें एप्रिलमध्यें राजीनामा दिला आणि दक्षिणेची सेनापतीची वस्त्रें घेतलीं. रसदखात्याचा मुख्य अधिकारीच शत्रूकडे गेला! रिकाम्या झालेल्या या जागेवर लिंकननें मे महिन्यांत मेग्जची नेमणूक केली. कॅप्टनचा तो एकदम ब्रिगेडियर जनरल झाला. त्या वेळीं त्याचें वय ४५ वर्षांचें होतें.

क्वार्टरमास्टरचें खातें म्हणजे काय हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. शिपायांचा शिधा हा कमिसरियटचा विषय, व बंदुका-तोफा हा शस्त्रखात्याचा. बाकीचें सर्व, म्हणजे कपडे, जोडे, घोंगड्या, तंबू, घोडे, खेंचरें, गाड्या, दाणावैरण, छावण्या, इस्पितळांच्या इमारती, कोळसा, जहाजें, आणि शेवटीं मेलेल्यांचें दफन, हें क्वार्टरमास्टरकडे. शिवाय शिधा आणि दारूगोळा पुरविणारे जरी दुसरे असले तरी ते रणांगणापर्यंत वाहून न्यावयाचे ते यानेंच. म्हणून या खात्याचें एक चाक अडलें कीं सर्व सैन्य अडावयाचें.

आणि १८६१ च्या उन्हाळ्यांत सर्वच चाकें अडलेलीं होतीं. युद्धापूर्वीं संयुक्त संस्थानांचें खडें सैन्य अवघें १६,००० च्या सुमाराचें; तें वर्षाच्या आंत पांच लाखांच्या घरांत गेलें. इतक्या माणसांना पुरेल असें निळें लोंकरी कापड साऱ्या देशांत तयार नव्हतें. प्रत्येक संस्थान आपापलीं पथकें स्वतः सजवूं लागलें, व तेच संस्थानांचे अडत्ये एकमेकांवर चढाओढ करून बाजारभाव वाढवूं लागले. मक्तेदारांनीं जुन्या लोंकरीच्या चिंध्या दळून त्यांचें दाबून कापड केलें. तें पहिल्याच पावसांत शिपायांच्या अंगावर विरघळूं लागलें. या कापडाचें नांव शॉडी; इंग्रजींत हा शब्द आज निकस व दिखाऊ मालाला सर्रास लावतात, त्याची ही कुळकथा होय. सेंट लुईस येथील खरेदींत तर असा अनाचार झाला कीं तेथील क्वार्टरमास्टरला पुढें चौकशी होऊन नोकरींतून काढून टाकावें लागलें. मेग्जनें थंडी पडण्यापूर्वीं निकड म्हणून युरोपांतून कापड मागविलें, तेव्हां देशी गिरणीवाल्यांनीं देशद्रोहाची हाकाटी केली. शिपाई थंडीनें कुडकुडत आहे, त्याला आज कापड पाहिजे, असें त्याचें उत्तर होतें. पुढें देशी गिरण्या मागणीस पुऱ्या पडूं लागतांच त्यानें परदेशी खरेदी बंद केली.

या गोंधळांतून त्यानें व्यवस्था कशी निर्माण केली? त्यांत जादू कांहींच नव्हती. मोहोरबंद टेंडरें मागवावयाचीं, मक्ता लेखीच करावयाचा, माल घेतांना नमुन्याशीं ताडून पाहावयाचा, आणि पावतीशिवाय एक खिळाही हलवावयाचा नाहीं, हे साधे नियम त्यानें कसोशीनें पाळावयास लावले. १८६२ च्या जानेवारींत युद्धमंत्री कॅमेरॉन जाऊन एडविन स्टँटन आला. हा तापट पण कर्तव्यकठोर मंत्री मिळाल्यावर मेग्जचें काम सोपें झालें. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, सिन्सिनाटी येथें मोठीं कोठारें उभीं राहिलीं. १८६४ च्या जुलईंत काँग्रेसनें कायदा करून त्याच्या कचेरीचे नऊ विभाग केले. घोडे, कपडे, जलमार्ग, रेल्वे व तारायंत्र, वैरण, इमारती, गाड्या, तपासणी आणि हिशेब अशी कामाची वांटणी झाली. रेल्वे चालविण्यास त्यानें शिपाई नेमले नाहींत. हॉप्ट व मॅकॅलम यांसारखे रेल्वेच्या धंद्यांत मुरलेले लोक तेथें घेण्यांत आले. ज्याचें काम त्यास सोंपवावें व हिशेब मात्र आपण घ्यावा, हें कारभाराचें मूळसूत्र त्याला अवगत होतें.

शिपायांच्या कपड्यांचीं मापें घेऊन ठराविक आकाराचे कपडे हजारोंनीं शिवण्याची पद्धति या काळांत दृढ झाली, व युद्धानंतर सामान्य लोकांसाठीं तयार कपड्यांचा जो धंदा वाढला त्याला तिचा उपयोग झाला. परंतु या यशाची एक काळी बाजूही आहे. फिलाडेल्फियाच्या सरकारी कोठारांतून हजारों गरीब स्त्रिया घरीं कपडे शिवण्यास नेत. त्यांत रणांत पडलेल्या शिपायांच्या विधवा पुष्कळ असत. सरकारी दर बेताचा तरी होता; पण मक्तेदारांच्या हातीं काम गेलें म्हणजे त्याच सदऱ्याला बाईच्या हातीं फार कमी पैसे पडत. या स्त्रियांनीं खुद्द लिंकनपर्यंत गाऱ्हाणें नेलें. सर्वांत कमी भाव देईल त्याला मक्ता, या नियमानें सरकारचा पैसा वांचला खरा. पण तो कांहीं अंशीं या स्त्रियांच्या मजुरींतून वांचला. निर्दोष हिशेबाच्या वहींतही न दिसणारा असा एक रकाना असतो.

आतां घोड्यांची गोष्ट. त्या काळच्या युद्धांत सैन्याची चाल घोड्यांच्या व खेंचरांच्या पायांवर अवलंबून असे, आणि जनावराचें पोट माणसाच्या पोटाहून कितीतरी मोठें. शिपायाचा दिवसाचा शिधा सुमारें ३ पौंड. घोड्याचा १४ पौंड गवत व १२ पौंड दाणा, मिळून २६ पौंड. खेंचराला दाणा थोडा कमी, म्हणजे ९ पौंड. सहा खेंचरांची एक गाडी धरिली तर नुसत्या खेंचरांनाच रोज १३८ पौंड लागावयाचे. गाडींत २,५०० पौंड माल भरला, वाटेंत चारा मुळींच मिळाला नाहीं, व मजल जातांना १० व येतांना १० दिवसांची पडली, तर खेंचरेंच २,७६० पौंड खातील. सैन्याला दाणाही पोंचणार नाहीं. ज्या सेनापतीला हें त्रैराशिक समजलें नाहीं त्याचे बेत नकाशावरच राहिले. मेग्जला हें त्रैराशिक पाठ होतें. टेनेसींतील सेनापति रोझक्रान्स आणखी घोडे पाहिजेत म्हणून सारख्या तारा करूं लागला, तेव्हां मेग्जनें त्याला आतांपर्यंत पुरविलेल्या घोड्यांचे आंकडे दाखवून, घोडे निष्कारण धांवडवून मारण्यापेक्षां त्यांना जपावें व मिळालेल्या घोड्यांनीं शत्रूवर जावें, असें सविस्तर पत्र लिहिलें. तरीही खप भयंकर होता. १८६४ च्या पहिल्या आठ महिन्यांत पोटोमॅकच्या सैन्याच्या घोडदळाला जवळ जवळ ४०,००० घोडे, म्हणजे सर्व घोडदळ दोनदां नव्यानें सजेल इतके, पुरवावे लागले. वॉशिंग्टनजवळ गीझबरो येथें ३०,००० जनावरें मावतील असा तळ उभारण्यांत आला.

मेग्ज कचेरींत बसून राहणारा नव्हता, हें १८६३ च्या शरदृतूंत दिसून आलें. सप्टेंबरांत चिकामॉगा येथें पराभव पावून रोझक्रान्सचें सैन्य चाटनूगा गांवांत कोंडलें गेलें. रेल्वे व नदी दोन्ही शत्रूच्या माऱ्याखालीं; उरला तो डोंगरावरून जाणारा सुमारें ६० मैलांचा चिखलाचा रस्ता. त्यावर जनावरें हजारोंनीं मेलीं. शिपाई अर्ध्या, मग पाव शिध्यावर आले. घोड्यांपुढचे मक्याचे दाणे माणसें वेंचूं लागलीं. मेग्ज स्वतः तेथें जाऊन पोंचला. व्हर्जिनियांतून २०,००० वर माणसें आगगाडीनें सुमारें १,२०० मैल वळसा घालून १२ दिवसांच्या आंतबाहेर आणण्यांत आलीं. त्या काळीं जगांत अशी हालचाल झाली नव्हती. खालीं ब्रिजपोर्ट येथें मिळेल त्या लांकडाची व एंजिनाची एक ओबडधोबड आगबोट बांधण्यांत आली. ऑक्टोबरअखेर ग्रँटच्या देखरेखीखालीं नदीचा मार्ग मोकळा होतांच ही आगबोट ४०,००० शिधे घेऊन वर आली. उपाशी शिपायांनीं या वाटेला बिस्किटांवरून ‘क्रॅकर लाइन’ असें नांव दिलें. महिन्याच्या आंत, २५ नोव्हेंबर रोजीं, याच सैन्यानें समोरचा मिशनरी डोंगर एका दमांत घेतला. तो हल्ला ग्रँटजवळ उभा राहून मेग्जनें पाहिला व त्याचें वर्णन स्टँटनला लिहून पाठविलें. तें वर्तमानपत्रांत छापून आलें व लोकांनीं मोठ्या उत्सुकतेनें वाचलें. लोकांनीं वाचला तो हल्ला. बिस्किटांची हकीकत फार थोड्यांच्या लक्षांत राहिली.

पुढच्या वर्षीं शेर्मननें अटलांटावर केलेली स्वारी ही तर रसदेचीच विजयकथा आहे. १,००,००० माणसें व ३५,००० जनावरें १९६ दिवस एका एकेरी रेल्वेवर जगलीं; तिची लांबी लुईव्हिलपासून ४७३ मैल. शेर्मननेंच आपल्या आत्मचरित्रांत हिशेब दिला आहे कीं हीच रसद गाड्यांनीं न्यावयाची तर सहा सहा खेंचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, आणि तशा वाटांवर तें केवळ अशक्य होतें. त्यानंतर शेर्मन रेल्वे सोडून, शत्रूच्या मुलखांतील धान्यावर जगत समुद्राकडे निघाला, तेव्हां महिनाभर त्याचा पत्ता नव्हता. पण डिसेंबरांत तो सव्हानाजवळ समुद्राला भिडला त्या वेळीं शिधा, कपडे आणि शिपायांच्या घरचीं पत्रें घेतलेलीं जहाजें किनाऱ्याशीं तयार होतीं. जानेवारींत मेग्ज स्वतः सव्हाना येथें गेला. शेर्मनच्या चालीचें साहस जगानें वाखाणलें. तें साहस करण्याइतका भरंवसा त्याला कोणामुळें आला, हेंही ध्यानांत घ्यावयास पाहिजे.

उलट बाजू पाहिली तर हें अधिकच पटतें. दक्षिणेकडे शौर्य कमी नव्हतें, सेनापति कमी नव्हते, धान्यही अगदींच कमी नव्हतें. पण झिजलेले रूळ बदलण्यास कारखाने नव्हते, संस्थानें एकमेकांस माल देण्यास नाखूष, आणि कागदी नाण्याची किंमत रोज घसरत होती. एकीकडे कोठारांत धान्य सडे, दुसरीकडे लीचे शिपाई उपाशी मरत. ९ एप्रिल १८६५ रोजीं ॲपोमॅटॉक्स येथें ली शरण आला तेव्हां आपल्या माणसांना खावयास नाहीं हें त्याला सांगावें लागलें, व ग्रँटनें त्याच्या सैन्यासाठीं २५,००० शिधे देवविले. जिंकणाऱ्या सैन्याच्या गाड्यांत शत्रूलाही वाढण्याइतकें अन्न होतें. त्या युद्धाचा सारा निकाल या एका गोष्टींत आला.

त्या निकालाचे धक्के आपल्या मुंबईपर्यंत पोंचले होते, हेंही येथें आठवतें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, व वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, बँका व कंपन्या पावसाळी छत्र्यांप्रमाणें उगवल्या, प्रेमचंद रायचंद यांचें नांव घरोघर झालें. लीच्या शरणागतीची बातमी येतांच कापसाचा भाव कोसळला आणि १८६५ च्या जुलईंत तो सर्व डोलारा खालीं आला. मेग्जच्या खेंचरांनीं जी गाडी ओढीत नेली, तिच्या चाकाखालीं अशा रीतीनें मुंबईचे सट्टेवालेही सांपडले.

आतां मेग्जच्या चरित्रांतील कटु भाग सांगावयाचा. व्हर्जिनियांत, वॉशिंग्टनसमोर नदीपलीकडच्या टेकडीवर, आर्लिंग्टन नांवाचा वाडा होता. तो लीच्या पत्नीचा वडिलोपार्जित. युद्ध सुरू होतांच सरकारनें तो ताब्यांत घेतला. पुढें ९२ डॉलर ७ सेंट इतका कर मालकिणीनें स्वतः येऊन भरला नाहीं या सबबीवर त्याचा लिलांव झाला आणि जानेवारी १८६४ मध्यें सरकारनेंच तो २६,८०० डॉलरांस विकत घेतला. त्या वसंतांत लढायांतून येणाऱ्या प्रेतांनीं राजधानीचीं स्मशानें भरलीं. मे महिन्यांत आर्लिंग्टनच्या आवारांत पहिलें दफन झालें, आणि मेग्जच्या शिफारशीवरून स्टँटननें १५ जून १८६४ रोजीं तें राष्ट्रीय दफनभूमि म्हणून ठरविलें. वाड्यांत राहणाऱ्या अधिकाऱ्यांनीं थडगीं दूर खालच्या बाजूस ठेविलीं होतीं. मेग्जला तें पसंत पडलें नाहीं. वाड्याच्या दारापाशीं, लीच्या पत्नीच्या गुलाबांच्या बागेच्या कडेनें प्रेतें पुरलीं पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता व तो त्यानें पुरा केला. लीनें देशाच्या शपथेस बट्टा लावला असें त्याचें ठाम मत होतें. हें घर पुन्हां त्याला राहण्याजोगें राहूं नये, हा त्याचा हेतु उघड होता.

पुढें थोड्याच दिवसांत त्याच्यावर आभाळ कोसळलें. त्याचा मुलगा जॉन वेस्ट पॉइंटमधून १८६३ सालीं पहिला आलेला, शेरिडनच्या हाताखालीं इंजिनियर. ३ ऑक्टोबर १८६४ च्या सायंकाळीं पावसांत डेटन गांवाजवळ शत्रूच्या टेहळ्यांशीं त्याची गांठ पडली व तो मारला गेला. त्याचें वय २२ वर्षांचें. शरण येत असतां त्याचा खून झाला अशी हकीकत प्रथम आली. शेरिडननें रागाच्या भरांत आसपासचीं घरें जाळण्याचा हुकूम दिला. गांव मागाहून वांचलें, तरी बाहेरचीं कित्येक घरें जळालीं. पुढें निघालेल्या माहितीवरून ती अकस्मात् झालेली चकमक होती असें दिसतें; पण बापानें मरेपर्यंत तो खूनच मानला. कोट्यवधि डॉलरांचे हिशेब ज्यानें निर्विकारपणें तपासले त्याला हा एक हिशेब समतोल मनानें पाहतां आला नाहीं. त्याबद्दल त्याला दोष देण्यास आमचें मन धजत नाहीं. परंतु आर्लिंग्टनच्या बागेंतील थडगीं मुलाच्या मृत्यूपूर्वींचीं आहेत, हेंही विसरतां येत नाहीं. दुःखानें त्याचा द्वेष वाढविला; तो निर्माण केला नाहीं.

युद्ध संपल्यावर १८६६ सालीं बुल रनच्या रणांगणावरून व रॅपाहॅनॉकच्या वाटेवरून वेंचून आणलेल्या २,१११ अनोळखी शिपायांच्या अस्थि मेग्जनें त्याच गुलाबांच्या बागेजवळ एका तळघरांत ठेवून वर दगडी स्मारक बांधलें. कपडे कुजलेले, नांवें गेलेलीं; निळ्या गणवेशाचीं हाडें कोणतीं व करड्या गणवेशाचीं कोणतीं हें कोणास ओळखतां येणार? त्यांत दक्षिणेचेही शिपाई असले पाहिजेत असें मानतात. लीला शासन म्हणून उभारलेल्या त्या स्मारकांत लीचेच शिपाई उत्तरेच्या शिपायांशेजारीं सन्मानानें निजले आहेत.

पुढें ली-घराण्याच्या वारसानें फिर्याद केली, व डिसेंबर १८८२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं सरकारनें ही जागा बेकायदा घेतली आहे. १८८३ सालीं काँग्रेसनें १,५०,००० डॉलर देऊन ती रीतसर विकत घेतली. एका विजयी सरकारला त्याच्याच न्यायालयानें शत्रुपक्षाच्या सेनापतीच्या मुलाची मालमत्ता परत करावयास सांगावें, व सरकारनें तें ऐकावें, यांत त्या राष्ट्राचा मोठेपणा आहे. मेग्जला मात्र तो निकाल रुचला नाहीं. टेंडराच्या एका कलमाचा भंग ज्याला कधीं खपला नाहीं, त्याला हा भंग दिसूं नये, ही मनुष्यस्वभावाची शोकास्पद विसंगति होय.

१८८२ सालीं तो निवृत्त झाला, पण स्वस्थ बसला नाहीं. जखमी शिपाई व विधवा यांच्या पेन्शनांची कचेरी त्यानें १८८२ ते १८८७ या काळांत बांधली. दीड कोटीहून अधिक विटांची ही प्रचंड इमारत आज बांधकामाचें राष्ट्रीय संग्रहालय म्हणून वापरांत आहे. लोकांनीं तिची थट्टा पुष्कळ केली. ती आगीपासून सुरक्षित आहे हें ऐकून एका सेनानीनें ‘हीच वाईट गोष्ट आहे’ असें म्हटल्याचें सांगतात. परंतु तिच्या भोंवतीं १,२०० फूट लांबीची जी मातीच्या शिल्पांची पट्टी आहे ती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. तींत पायदळ, घोडदळ, तोफखाना यांच्याबरोबर रसदेच्या गाड्याही कोरल्या आहेत. आणि गाडीवान निग्रोच असला पाहिजे, युद्धानें गुलामगिरींतून सुटलेला निग्रो असला पाहिजे, अशी मेग्जची शिल्पकाराला सक्त सूचना होती. सेनापतींचे पुतळे सर्वत्र असतात. गाडीवानाला दगडामातींत जागा देणारा अधिकारी विरळा. आपल्या नांवाचा सोस असलेल्या या मनुष्यानें अखेरीस एका निनांवी माणसाचीही आठवण ठेविली, ही गोष्ट आम्ही त्याच्या पुण्याच्या बाजूस मांडतों.

२ जानेवारी १८९२ रोजीं मेग्ज वारला, व आर्लिंग्टन येथेंच त्याला पुरण्यांत आलें. जवळच त्याच्या मुलाची ओतीव पितळी मूर्ति आहे. ज्या स्थितींत त्याचें प्रेत रस्त्यावर सांपडलें त्याच स्थितींत ती केलेली आहे.

सीवर्डचा अभिप्राय खरा कीं नाहीं, या प्रश्नाकडे आतां वळूं. उत्तरेकडे कारखाने, रेल्वे व पैसा होता. मेग्ज नसता तरी तीं साधनें होतींच, असें कोणी म्हणेल. पण १८६१ सालीं हीं सर्व साधनें असूनही शिपाई विरघळणाऱ्या कापडांत कुडकुडत होता. साधनें असणें आणि तीं योग्य वेळीं योग्य ठिकाणीं पोंचणें यांतील अंतर प्रामाणिक व जागरूक कारभारानें भरून निघतें. मेग्जनें तें भरून काढलें, आणि म्हणून सीवर्डचा अभिप्राय आम्हांस अतिशयोक्तीचा वाटत नाहीं. इतिहासानें त्याला मागें बसविलें याचें कारण त्याच्या कामाच्या स्वरूपांतच आहे. रसद वेळेवर आली म्हणजे तिची कोणी वार्ता करीत नाहीं. ती चुकली म्हणजेच तिची आठवण होते. ज्या राष्ट्राला आपल्या कारभाराची परीक्षा करावयाची असेल त्यानें विजयस्तंभ मोजूं नयेत. शेवटच्या ठाण्यावरील शिपायाच्या पायांत जोडा आहे कीं नाहीं, तो कोणीं शिवला, आणि शिवणाऱ्या बाईच्या हातावर पुरते पैसे पडले कीं नाहीं, हें पाहावें.